मागचं डावं चाक

आमच्या घरात गाडी आली ती आत्यासाठी. माझे वडील, अप्पा, हे आजही कबूल करत नाहीत. बाजाराला लागते, दवाखान्याला लागते, पाऊस आला तर लागते, असं ते सांगतात. बाजार आमच्या गल्लीच्या तोंडाशी आहे, दवाखाना त्याच्यासमोर, आणि पावसात अप्पा घराबाहेर पाऊल टाकत नाहीत.

आत्या म्हणजे अप्पांची थोरली बहीण. अप्पा तिला अक्का म्हणतात. ती तिरुवैयारुला मुलाकडे राहते. जन्मभर तिने वीणा शिकवली. खुब्याचं हाड मोडल्यापासून तिला रिक्षात चढता येत नाही, बसचा तर प्रश्नच नाही. सून तमिळ आहे, सासूचं सगळं मनापासून करते, पण मराठीतले तिला दोन-चारच शब्द येतात. मुलाला मराठी कळतं, उत्तर मात्र तो तमिळमध्ये देतो. त्यामुळे आत्याला तिच्या भाषेत, आमच्या जुन्या तंजावरी मराठीत, बोलायला एकटे अप्पाच उरले आहेत. दर शुक्रवारी जेवण झालं की अप्पा तंजावरहून निघतात, तिला पुढच्या डाव्या सीटवर बसवतात आणि नदीकाठच्या बांधावरून गाडी अशी चालवतात की सायकलवाले घंटी वाजवून पुढे जातात. एकदा मी मागे बसून दोघांचं बोलणं ऐकलं. येताजाता विषय एकच होता: कधीकाळी कोणाच्या तरी लग्नात सांबारात मीठ नव्हतं, ते नक्की कोणाच्या. भांडण मिटलं नाही. पुढच्या शुक्रवारी तिथूनच सुरू झालं.

गाडी जुनी, माझ्या धाकट्या भावाने बेंगळुरूला शोधलेली. सीट उंच, दार रुंद, आत्याला वळून बसता येईल अशी. ज्याने विकली त्याने ती जपून वापरली होती, फक्त समोरच्या पट्टीवर एक पिवळा दिवा कायम लागलेला असे. चाकातली हवा कमी झाली की लागतो तो. चारही चाकांत हवा व्यवस्थित होती. भाऊ म्हणाला, चाकातल्या सेन्सरचं आयुष्य संपलं आहे, त्यांची बॅटरी बदलता येत नाही, दिव्याकडे दुर्लक्ष करा. हे त्याने कोणाला सांगावं, तर अप्पांना. अप्पांनी सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात केली. कालव्याच्या दाराशी पाण्याचा नुसता वेगळा आवाज आला तरी जीप थांबवून उतरायचं, ही त्यांची सवय. डोळ्यांसमोर दिवा जळतो आहे आणि त्याच्याकडे बघायचं नाही, हे त्यांच्याच्याने होईना. "उगीच कोण दिवा लावून ठेवतं?" असं म्हणत त्यांनी मला बरोबर घेतलं आणि आम्ही टायरच्या दुकानात गेलो.

दुकानदार उत्साही होता. कपाळाला भस्माचे पट्टे, तोंडाने अखंड बोलणं. त्याने चाकं उतरवली, टायर रिमपासून सोडवले आणि व्हॉल्व्हच्या मुळाशी बसवलेले ते जुने सेन्सर काढून अप्पांच्या तळहातावर ठेवले. सुपारीएवढी काळी वस्तू. अप्पांनी त्यातली एक हलवून बघितली, कानाशी धरून बघितली. मग नवे बसले, टायर चढले, हवा भरली. पण एवढ्यावर भागत नाही. नव्या सेन्सरची गाडीला ओळख करून द्यावी लागते. गाडी शिकायच्या तयारीत आहे असं आतून कळवायचं, मग टीव्हीच्या रिमोटसारखं एक यंत्र घेऊन एकेका चाकाशी बसायचं, यंत्र व्हॉल्व्हजवळ धरायचं. ओळख पटली की गाडी हॉर्न वाजवते.

दुकानदार यंत्र घेऊन पुढच्या डाव्या चाकाशी उकिडवा बसला. अप्पांनी त्याला तिथेच थांबवलं. डावीकडून सुरुवात? नवी वस्तू, पहिल्यांदा लावतो आहोत, उजव्यापासून कर, असं ते त्याला तमिळमध्ये म्हणाले. गाडी घरी आली तेव्हा देवळासमोर तिच्या चाकांखाली लिंबं ठेवली होती, तीही अप्पांनी उजव्या चाकापासूनच ठेवली होती. आमच्याकडे नवी सून, नवं घर, नवी नोकरी, सगळं उजव्या पायाने सुरू होतं, आणि यात तमिळ शेजाऱ्यांचं आणि आमचं कधी दुमत झालेलं नाही.

"आमां सार, वलदु दान मोदल्ल!" दुकानदार लगेच उठला. बरोबर आहे, उजवंच आधी. आपल्याला हे सुचलं नाही याचं त्याला थोडं वाईटही वाटलेलं दिसलं. तो उजव्या बाजूला आला आणि तिथून प्रदक्षिणा घातल्यासारखा गाडीभोवती फिरला. प्रत्येक चाकाशी हॉर्न वाजला. शेवटी गाडीने आपण होऊन दोनदा वाजवून सगळं समजल्याचं सांगितलं आणि दिवा गेला. त्या जागी गाडीचं छोटं चित्र आलं, चारही चाकांपाशी हवेचा आकडा. अप्पा इतके खूश झाले की परत येताना त्यांनी रस्त्याकडे कमी आणि त्या आकड्यांकडे जास्त बघितलं.

पावसाळा गेला, पोंगल झाला. मग एका शुक्रवारी अप्पा तिरुवैयारुहून परतले ते कुरकुरतच. दिवा पुन्हा लागला होता. पट्टीवरच्या चित्रात मागचं उजवं चाक लाल झालं होतं.

"मागलं डावें चाक बसलं अहे," अप्पा म्हणाले. "वारं नाहीं त्यांत. वळणावर गाडी तिकडे झुकते."

"अप्पा, उजवें म्हणून दाखवतं ना!"

"दाखवूं दे. डावेंच अहे."

पेट्रोल पंपावरच्या माणसाने नेहमीच्या पद्धतीने चारही चाकांत हवा सारखी केली आणि दिवा गेला. पुढच्या आठवड्यात परत लागला. पुन्हा मागचं उजवं. आम्ही दुकानदाराकडे गेलो. त्याने मागचं उजवं चाक काढून पाण्याच्या टाकीत बुडवलं, फिरवून फिरवून बघितलं, एक बुडबुडा नाही. डावं बघ म्हणून अप्पा त्याच्या मागे लागले. त्याने हसून सांगितलं की सार, सेन्सर मीच बसवलेत, नवे आहेत, ते चुकायचे नाहीत. त्याने व्हॉल्व्हची पिन बदलली, चारही चाकांत हवा भरली, दिवा गेला. आणि अर्थातच काही दिवसांनी परत आला.

अप्पा आपला हेका सोडीनात. मी चित्रावर बोट ठेवून दाखवत असे, ते मान फिरवत. त्याच सुमारास एकदा गाडी आत घेताना फाटकाच्या खांबाला घासली. एकदा मेडिकल कॉलेजच्या रस्त्याला उजवीकडे वळायचं तिथे ते डावीकडे गेले. खरं तर तिथे खणून ठेवलेलं आहे आणि फलक कोणालाच समजत नाही, पण चुकलेल्या माणसाचं वय झालेलं असलं की लोक फलकाचा विचार करत नाहीत.

भावाचा फोन आला तेव्हा मी स्वयंपाकघरात होते, हात पिठात, म्हणून फोन स्पीकरवर टाकलेला. मी त्याला दिव्याची, खांबाची, वळणाची सगळी हकीकत सांगितली. तो काळजीने बोलत होता, यात शंका नाही, पण आवाज चढलेला.

"अप्पांस डावें-उजवें कळना म्हणजे काय ते कळतं का तुज? ज्यास डावें-उजवें कळना, तो गाडी कसां चालवेल? शेजारीं आत्या बसते! किल्ली काढून ठेव, अक्का."

मला भाऊही अक्काच म्हणतो. मी काही बोलायच्या आत अप्पा दारात दिसले. त्यांनी शर्टाच्या खिशातून किल्ली काढली आणि देवाच्या फळीवर, हळदकुंकवाच्या डब्यामागे ठेवली.

"अप्पा, तो कांहीतरी बोलतो," मी म्हटलं.

"असूं दे. खोटं काय अहे त्यांत? यंत्र उजवें म्हणतं, मी डावें म्हणतों. दोघांत म्हातारा कोण?"

रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. रागावलेल्या अप्पांशी कसं बोलायचं ते मला चांगलं ठाऊक आहे. हे शांत, पटलेले अप्पा मला नवीन होते.

पुढचा शुक्रवार रिकामा गेला. आत्याला त्यांनी फोनवर सांगितलं की गाडी दुरुस्तीला टाकली आहे. त्यापुढचाही गेला. आत्याचा फोन आता रोज यायला लागला. गाडी कधी मिळणार, एवढंच विचारून ती ठेवून देई. फोनवर तिला नीट ऐकू येत नाही, त्यामुळे सांबाराच्या मिठाचा वाद फोनवर चालणं शक्य नव्हतं. एकदा फोन सुनेने घेतला आणि मला हळूच म्हणाली, अत्तै, म्हणजे सासूबाई, आजकाल एकट्याच बोलतात, मराठीत, मला समजत नाही, तब्येतीचं काही असेल का? मी तिला म्हटलं, तब्येतीचं नाही. पण मला उशिरापर्यंत झोप आली नाही.

याच दिवसांत अप्पांच्या उजव्या मनगटावर एक लाल-पिवळा दोरा आला. आमच्याकडे बाप्यांच्या मनगटावर देवळातला दोरा असणं म्हणजे काही विशेष नाही. पण अप्पा देवळातून प्रसादाची विभूती आणतात, दोरा आजवर कधी बांधून घेतलेला नव्हता.

"कोठल्या देवळाचा?" मी विचारलं.

"असाच," म्हणून ते व्हरांड्यात गेले.

नवी वस्तू अंगावर आली की माणूस सारखा तिच्याकडे बघतो, तसे ते दोऱ्याकडे बघत. जेवायला बसताना, दाराची कडी लावताना, पेपर घ्यायला हात पुढे करताना. मी मनात म्हटलं, चला, देवावर भार टाकलेला दिसतो.

तिसऱ्या शुक्रवारी शाळेला सुटी होती. मी गणित शिकवते, गाडी चालवत नाही; म्हणजे परवाना आहे, चालवता येते, पण पुण्यात नोकरीला होते तेव्हा तिथल्या चौकांनी माझी हौस पुरती फेडली. तरी मी देवाच्या फळीवरची किल्ली घेतली आणि अप्पांना म्हटलं, चला. ते शर्ट बदलून आले आणि मागच्या डाव्या कोपऱ्यात बसले. पुढची डावी सीट त्यांच्या अक्काची, तिथे ते रिकाम्या गाडीतही बसत नाहीत.

वेण्णारु, वेट्टारु, कुडमुरुट्टी, एकेका नदीचा पूल मागे पडत गेला. इतर वेळी प्रत्येक पुलाला अप्पांचं काहीतरी सांगणं असतं: इथलं दार गंजलं होतं, इथे आम्ही पुरात वाळूच्या गोण्या टाकल्या. आज पूल मीच मोजले. आत्या घराबाहेर खुर्ची टाकून, नेसून-सवरून बसलीच होती. सुनेने आणि मी मिळून तिला बसवलं. तिने आधी मला स्टिअरिंगवर बघितलं, मग मान वळवून भावाला शोधायचा प्रयत्न केला. खुब्यामुळे तिला पूर्ण वळता येत नाही.

"मागं कां बसलास रे? बरं नाहीं का तुज?"

"बेस अहे, अक्का."

"मग ही कां चालवते?"

"चालवूं दे. तिलाही सवय होईल."

मी बांधावरून गाडी घेतली. एका बाजूला नदी, दुसरीकडे भाताची कापणी झालेली रानं, आणि गाडीत तिघं मराठी बोलणारी माणसं गप्प. आत्या आपल्या बोटांनी मांडीवर काहीतरी वाजवत होती. मला वाटलं, आपण हिला फिरवायला आणलं नाही, नुसतं हलवलं.

तेवढ्यात दिवा लागला. मागचं उजवं.

मी आरशात बघितलं. अप्पांनी हात वर करून मनगटाकडे बघितलं, मग दुसऱ्या हाताकडे, मग आपल्या बाजूच्या खिडकीकडे. आणि अगदी हळू, स्वतःशीच म्हणाले, "डावें."

"काय म्हणलास?" आत्याने विचारलं.

"काय नाहीं."

माझं डोकं सणकलं. दिव्यावर, भावावर, त्या दुकानदाराच्या नव्या सेन्सरवर, आणि या "काय नाहीं" वर तर फारच. पुढच्या वळणावर चिंचेखाली पंक्चर काढणाऱ्याचं छप्पर होतं, तिथे मी गाडी थांबवली. अप्पांना म्हटलं, बसा तुम्ही. पंक्चरवाल्याला म्हटलं, हवा भरू नको, आधी मोज, आणि आकडा मला दाखव.

मागच्या उजव्या चाकात हवा पूर्ण होती. मी त्याला परत मोजायला लावलं. पूर्ण. मग मागचं डावं. आकडा निम्म्याच्या आसपास. त्याने गाडी उचलून चाक फिरवलं तर नक्षीच्या खाचेत एक खिळा, डोकं झिजून टायरच्याच रंगाचं झालेलं.

खिळा निघाला, छिद्र बुजलं, तरी मी तिथून हलले नाही. सगळी हवा नीट भरून घेतली आणि मग पंक्चरवाल्याला सांगितलं की पुढच्या उजव्या चाकातली थोडी हवा सोड. त्याने माझ्याकडे बघितलं, पण सोडली. मी गाडी पुढच्या मैलाच्या दगडापर्यंत नेऊन परत आणली. चित्रात लाल झालं ते पुढचं डावं. तेव्हा डोक्यात लख्ख प्रकाश पडला. गाडी शिकते ते ठरलेल्या ओळीने. पहिल्या सेन्सरची ओळख पटली की तो पुढच्या डाव्या चाकाचा, मग पुढच्या उजव्याचा, मग मागचं उजवं, मग मागचं डावं. ती कोणाला विचारत नाही. आम्ही प्रदक्षिणा बरोबर घातली होती, फक्त एक चाक पुढून सुरू केली होती. म्हणून डाव्याचं उजवं, उजव्याचं डावं, मागचं पुढे, सगळीच चाकं एकेक घर सरकून बसली होती. आणि ती उजव्यापासून सुरू करायला लावली होती आमच्या अप्पांनीच.

पुढच्या आठवड्यात दुकानदाराने यंत्र परत हातात घेतलं तेव्हा तो अप्पांकडे बघत थांबला, आणि अप्पांनी रस्त्यावरच्या बसकडे बघत, जणू आपला काही संबंध नाही अशा आवाजात, त्याला डावीकडून सुरू करायला सांगितलं. पण ते नंतर. त्या शुक्रवारी मी चिंचेखाली गाडीचं मागचं दार उघडलं आणि खिळा अप्पांच्या हातावर ठेवला.

"मागलं डावें चाक," मी म्हटलं.

"डावें?"

"डावेंच. पहिल्यापासून डावेंच होतं."

मग मी सगळं समजावून सांगितलं, हॉर्नची ओळ, उजव्यापासूनची सुरुवात, सगळं. मला वाटलं होतं, आता ते ताठ होतील, मी म्हणत नव्हतों का, म्हणून दिवसभर ऐकवतील. निदान स्वतःच्या उजव्या-आधी-वर खट्टू तरी होतील. आत्या तर हसून हसून सीटला टेकली. "उजव्यापासून केलास म्हणून गाडीस डावें-उजवें कळना गेलं! तूच बिघडवलास की रे तिला!" अप्पांच्या कानापर्यंत ते गेलं नसावं. ते खिळ्याकडे बघत होते.

"डावेंच ना?" त्यांनी पुन्हा विचारलं. "पुरतं पाह्यलीस ना?"

"मी मोजून घेतले, अप्पा."

ते उतरले, मागून वळसा घालून आले आणि ड्रायव्हरच्या दाराशी उभे राहिले. मी किल्ली दिली. आत बसून त्यांनी सीट मागे घेतली, आरसा आपल्या उंचीला केला. मी मागे त्यांच्या कोपऱ्यात जाऊन बसले. गाडी सुरू करायच्या आधी त्यांनी उजवा हात बहिणीसमोर धरला.

"अक्का, हा दोरा सोड. मज एका हातें येत नाहीं."

"कोठल्या देवाचा रे? देवाचा दोरा असा सोडूं नयें."

"देवाचा नव्हे. घरांतलाच अहे, पुड्याचा." त्यांनी मनगट अजून पुढे केलं. "उजवा हात कोणता तें कळावें म्हणून बांधलों होतों."

आत्याचं हसू थांबलं. तिने तो हात आपल्या मांडीवर घेतला. गाठ घट्ट बसली होती, पण तिची बोटं वीणेची आहेत, अजून नेमकी चालतात. दोरा सुटल्यावर तिने तो गुंडाळून आपल्या कमरेला खोचला आणि हात तसाच धरून ठेवला. पंक्चरवाला त्याचं सामान आवरत होता. मी खिडकीबाहेर बघत राहिले, कारण मला रडू यायला लागलं होतं.

मग आत्याने त्यांच्या हातावर चापट मारली.

"चल. तें मीठ नव्हतं तें तुझ्याच लग्नांत. आज मज आठवलं."

"माझ्या लग्नांत?" अप्पांनी गाडी बांधावर घेतली. "अक्का, तुज कांहीं म्हणजे कांहीं कळना!"